सिंधूच्या पाण्याची नऊ वर्षांची मध्यस्थी

मा. संपादक,

स. न. वि. वि.

मे २०२५ मधील लष्करी संघर्ष थांबला तेव्हापासून मध्यस्थीचा विषय निघाला की आपल्याकडची चर्चा एकाच जागी येऊन अडते. १० मे रोजी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी समाजमाध्यमावरून युद्धविराम जाहीर केला आणि त्याचे श्रेयही घेतले. तो निर्णय दोन्ही लष्करांच्या कारवाई महासंचालकांच्या (डीजीएमओ) थेट बोलण्यातून झाल्याचे भारत सरकारने स्पष्ट केले. आणि त्यानंतर वाहिन्यांवर, अग्रलेखांत व वाचकांच्या पत्रांतही वाद उरला तो एवढाच, की मध्यस्थी झाली की नाही झाली. पाकिस्तानबरोबरचे प्रश्न दोघांनीच सोडवावेत ही भारताची भूमिका सिमला करारापासूनची आहे आणि तिच्यामागची कारणे रास्त आहेत. मात्र तिच्या आडून जो दुसरा समज रुजला आहे, की तिसऱ्याला मध्ये घेणे म्हणजे मुळातच कमीपणा आणि मध्यस्थीने कधी काही साधत नाही, तो इतिहासाला धरून नाही. २ जुलै १९७२ च्या सिमला करारातही द्विपक्षीय वाटाघाटींच्या जोडीला ‘उभयतांनी मान्य केलेले अन्य शांततामय मार्ग’ असे शब्द आहेत, हे सहसा कोणी सांगत नाही.

माझी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. त्यामुळे परराष्ट्र धोरणावर अधिकारवाणीने बोलण्याचा माझा आव नाही. परंतु जगातल्या यशस्वी मध्यस्थींपैकी एक पाण्याच्या प्रश्नावर झाली, तिच्यात आपला देश पक्षकार होता, आणि तिच्यातून निघालेला सिंधू पाणीवाटप करार २३ एप्रिल २०२५ पासून आपण स्थगित ठेवला आहे. तो रद्द करावा की ठेवावा यावर सारे बोलतात. तो झाला कसा यावर फारसे कोणी बोलत नाही. ती हकिकत थोडी विस्ताराने मांडू द्यावी, ही विनंती.

फाळणीची रेषा पंजाबातून गेली तेव्हा नद्यांच्या पाण्याचे काय, याचा विचार घाईत राहून गेला. रावीवरचे माधोपूर आणि सतलजवरचे फिरोजपूर ही दोन्ही हेडवर्क्स, म्हणजे नदीचे पाणी कालव्यात सोडणारी बांधकामे, भारताकडे आली आणि त्यांच्यावर भिजणाऱ्या कालव्यांचे मोठे लाभक्षेत्र पाकिस्तानात गेले. आहे तसे पाणी चालू ठेवण्याचा तात्पुरता करार ३१ मार्च १९४८ रोजी संपला, आणि दुसऱ्या दिवशी पूर्व पंजाब सरकारने दीपालपूर कालव्याचे व बारी दोआबातील कालव्यांचे पाणी बंद केले. एप्रिलात कालवा कोरडा पडणे म्हणजे काय, हे ज्याने उन्हाळी आवर्तनाच्या वेळी टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्यांना तोंड दिले आहे त्याला वेगळे सांगावे लागत नाही. ४ मे १९४८ रोजी दिल्लीत दोन्ही सरकारांत समझोता होऊन पाणी पुन्हा सुटले. पण त्या समझोत्याचा अर्थ दोघांनी दोन तऱ्हांनी लावला. नद्या आमच्या हद्दीतून येतात म्हणून पाण्यावर मालकी आमची, असे भारताचे म्हणणे. पिढ्यान् पिढ्या वापरत आलेल्या पाण्यावर आमचा हक्क आहे, असे पाकिस्तानचे. पाकिस्तानला आंतरराष्ट्रीय न्यायालयात जायचे होते, भारताला ते मान्य नव्हते. पुढची जवळजवळ तीन वर्षे पत्रापत्रीत गेली.

फेब्रुवारी १९५१ मध्ये डेव्हिड लिलिएन्थाल हे अमेरिकन गृहस्थ दोन्ही देशांत येऊन गेले. टेनेसी खोरे प्राधिकरणाचे ते माजी प्रमुख, म्हणजे नदीखोऱ्याच्या विकासाचे काम हाताखालून गेलेला माणूस. परत गेल्यावर त्यांनी एका साप्ताहिकात लेख लिहून सुचवले, की सिंधू खोरे हा एक घटक मानून दोन्ही देशांनी त्याचा विकास मिळून करावा आणि जागतिक बँकेने त्यासाठी मदत करावी. बँकेचे अध्यक्ष यूजीन ब्लॅक यांनी ही सूचना उचलली आणि सप्टेंबर १९५१ मध्ये दोन्ही पंतप्रधानांना पत्रे लिहिली. दोघांनीही होकार दिला. त्या प्रस्तावाची चौकट मुद्दाम पाहण्यासारखी आहे. खोऱ्यातील पाणी दोघांना पुरेल इतके आहे असे धरून चालावे, प्रश्न तांत्रिक पातळीवर हाताळावा आणि जुने दावे, जुन्या वाटाघाटी व राजकीय वाद यांपासून तो वेगळा ठेवावा, असे ठरले. काश्मीरचा प्रश्न जसाच्या तसा बाजूला राहिला. बोलणी चालू असताना चालू वापराचे पाणी तोडायचे नाही, हेही मार्च १९५२ मध्ये दोन्ही बाजूंनी मान्य केले. आणि मग मे १९५२ मध्ये वॉशिंग्टनला अभियंत्यांची पहिली बैठक बसली.

बसली आणि अडली. ऑक्टोबर १९५३ मध्ये दोन्ही देशांनी आपापल्या योजना दिल्या. भारताच्या हिशेबात वापरता येण्याजोग्या पाण्यापैकी २९ दशलक्ष एकर-फूट (एकरभर जमिनीवर फूटभर उभे राहील एवढे पाणी म्हणजे एक एकर-फूट) भारताला आणि ९० पाकिस्तानला होते. पाकिस्तानच्या हिशेबात भारताला साडेपंधरा आणि पाकिस्तानला साडेएकशेदोन. एकूण पाण्याचा अंदाज दोघांचा जवळपास सारखाच होता, हे लक्षात घेण्यासारखे आहे. म्हणजे आकडेमोडीचे भांडण नव्हते. वाटा कोणाचा मोठा याचेच होते, आणि टक्केवारीवर घासाघीस करत बसले असते तर ते आजही मिटले नसते.

या ठिकाणी मध्यस्थाने जे केले ते मला अभियंता म्हणून आजही खटकते आणि नागरिक म्हणून थोर वाटते. ५ फेब्रुवारी १९५४ रोजी बँकेने स्वतःचा प्रस्ताव मांडला: पाण्याचे वाटे करत बसू नका, नद्याच वाटून घ्या. रावी, बियास आणि सतलज या पूर्वेकडच्या तीन नद्या भारताला, सिंधू, झेलम आणि चिनाब या पश्चिमेकडच्या तीन पाकिस्तानला. ज्या एकसंध खोऱ्याच्या कल्पनेवर हा सारा उद्योग सुरू झाला, ती कल्पना मध्यस्थाने स्वतःच सोडून दिली. जलशास्त्राच्या दृष्टीने नदीखोरे मधोमध चिरणे हे काही चांगले काम नाही. एकत्र नियोजन केले असते तर धरणे योग्य जागी झाली असती आणि त्याच पाण्यात अधिक क्षेत्र भिजले असते. पण एकत्र नियोजनाला रोजचा परस्परविश्वास लागतो, आणि या दोन देशांत तो नव्हता. रोज एकमेकांवर विसंबावे लागणार नाही अशी व्यवस्था हवी, हे बँकेचे अभियंते ओळखून होते. त्यांच्या पथकाचे प्रमुख जनरल रेमंड व्हीलर हे अमेरिकन लष्कराच्या अभियांत्रिकी दलातून आलेले. कागदावरची उत्तम योजना आणि जमिनीवर टिकणारी योजना यांतला फरक त्यांना कळत असावा. बाहेरच्या माणसाचा उपयोग असतो तो इथे. दोघे ज्या प्रश्नावर अडून बसले आहेत तो प्रश्नच त्याला बदलून मांडता येतो, कारण माघार घेतल्याचा ठपका त्याच्यावर येत नसतो.

भारताने लवकरच तत्त्वतः होकार दिला. पाकिस्तान अडखळला, कारण त्याच्या ज्या कालव्यांना पूर्वेकडच्या नद्यांचे पाणी मिळत होते त्यांना आता पश्चिमेकडून शेकडो किलोमीटरवरून पाणी आणावे लागणार होते. पावसाळ्यात जमेल, पण बाकीच्या दिवसांत पश्चिमेकडच्या नद्यांना तेवढे पाणी असते का, हा त्यांच्या अभियंत्यांचा प्रश्न बिनतोड होता. बँकेने पुन्हा हिशेब केला आणि मे १९५६ मध्ये लेखी कबूल केले, की नुसत्या जोडकालव्यांनी भागणार नाही, साठवण धरणेही लागतील. आपल्याच प्रस्तावात अशी दुरुस्ती करणारा मध्यस्थ दोन्ही बाजूंचा विश्वास मिळवतो. मात्र त्याने प्रश्न आणखी महागडा झाला. धरणे आणि जोडकालवे बांधायचे, तर पैसा कोणाचा?

माझ्या मते सिंधू कराराचे मर्म या प्रश्नाच्या उत्तरात आहे. बँकेचे उपाध्यक्ष विल्यम इलिफ यांनी पुढची वर्षे मुख्यतः निधी उभा करण्यात घालवली. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि पश्चिम जर्मनी यांनी पैसे देऊ केले, बँकेने कर्ज दिले, आणि भारताने ६,२०,६०,००० पौंड दहा वार्षिक हप्त्यांत द्यायचे ठरले. त्यातून जोडकालवे आणि झेलमवरचे मंगला धरण उभे राहिले; सिंधूवरचे तरबेला धरण त्याच प्रक्रियेत पुढे झाले. १९ सप्टेंबर १९६० रोजी कराचीत नेहरू, पाकिस्तानचे अध्यक्ष अयुब खान आणि बँकेच्या वतीने इलिफ यांनी सह्या केल्या. ब्लॅक यांच्या पहिल्या पत्राला तेव्हा नऊ वर्षे झाली होती. आपल्या बाजूने ही बोलणी अखेरपर्यंत सांभाळणारे निरंजनदास गुल्हाटी हेही अभियंतेच होते, हे मला अभिमानाने नोंदवावेसे वाटते.

या करारावर लोकसभेत नोव्हेंबर १९६० मध्ये कडक टीका झाली, आणि ती सगळीच चुकीची होती असे मी म्हणणार नाही. खोऱ्यातले सुमारे चार-पंचमांश पाणी पाकिस्तानकडे गेले, वर आपण पैसेही दिले, हे कोणालाही टोचणारच. तरीही १९६५ चे युद्ध चालू असतानासुद्धा आपण तो हप्ता चुकवला नाही. भाक्रा-नांगलच्या जोडीने पूर्वेकडच्या नद्यांवर आपण पुढे जे उभे केले, राजस्थान कालव्यासह, ते कोणाच्याही आक्षेपाविना करता आले, कारण त्या पाण्यावरचा दावा कायमचा मिटला होता. १९६५, १९७१ आणि १९९९ या तीन युद्धांतून करार पार पडला.

बोलण्याच्या ओघात आपण मध्यस्थी आणि लवाद यांची नेहमी सरमिसळ करतो. लवाद निकाल देतो आणि तो बंधनकारक असतो. मध्यस्थाला निकालाचा अधिकार नसतो, म्हणून त्याला दोघांच्या गळी उतरेल असेच काही शोधावे लागते. दोन्हींचा अनुभव आपल्याला आहे. १९६५ च्या उन्हाळ्यात कच्छच्या रणातली चकमक ब्रिटनचे पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांच्या मध्यस्थीने थांबली आणि सीमेचा वाद तीन सदस्यांच्या लवादाकडे गेला. फेब्रुवारी १९६८ च्या निकालात वादग्रस्त प्रदेशाचा सुमारे एक-दशांश भाग पाकिस्तानला मिळाला. संसदेत गदारोळ झाला, पण सरकारने दिलेला शब्द पाळला आणि ती सीमा आखली गेली. आपल्या राज्यातही कृष्णेचे पाणी लवादाने वाटले: बच्छावत लवादाने महाराष्ट्राला ५६० टीएमसी दिले, आणि त्यानंतर दुसरा लवाद बसूनही कज्जा चालूच आहे. गोदावरीच्या बाबतीत राज्यांनी १९७५ मध्ये आपसांत करार केले आणि लवादाने १९८० मध्ये त्यांवर शिक्कामोर्तब केले. बाभळी बंधाऱ्यावरून पुढे भांडण झालेच, पण त्याचा आवाका कृष्णेएवढा कधी वाढला नाही.

लवादाचा निकाल फेटाळला गेला आणि मध्यस्थीने मात्र काम फत्ते केले, असे याच्या उलट उदाहरण दक्षिण अमेरिकेच्या अगदी टोकाला घडले आहे. बीगल खाडीतील पिक्टन, नुएवा आणि लेनॉक्स ही तीन बेटे चिलीची की अर्जेंटिनाची, या जुन्या वादाचा लवाद निकाल १९७७ मध्ये चिलीच्या बाजूने लागला. अर्जेंटिनाच्या लष्करी राजवटीने जानेवारी १९७८ मध्ये तो शून्यवत ठरवला आणि वर्षअखेरीस आक्रमणाची आज्ञाही दिली. २२ डिसेंबरला आरमार खवळलेल्या समुद्रात निघालेले असताना पोप जॉन पॉल दुसरे यांनी आपला दूत पाठवण्याची तयारी दाखवली आणि दोन्ही राजवटींनी ती स्वीकारली. नाताळच्या दुसऱ्या दिवशी कार्डिनल आन्तोनियो सामोरे ब्यूनस आयर्सला उतरले. वय सत्तरीपुढचे. दोन्ही राजधान्यांत येरझाऱ्या घालून त्यांनी ८ जानेवारी १९७९ रोजी माँटेव्हिडिओत दोघांकडून बळाचा वापर न करण्याचे लेखी वचन घेतले आणि मग काम व्हॅटिकनमध्ये सुरू झाले.

ते सहा वर्षे चालले. डिसेंबर १९८० मध्ये पोपनी प्रस्ताव ठेवला. चिलीने तो स्वीकारला, अर्जेंटिनाने ना हो म्हटले ना नाही. व्हॅटिकनजवळ ना निधी होता ना सैन्य. त्याच्याजवळ वेळ होता, आणि कॅथलिक देशांतल्या सेनापतींना पोपच्या तोंडावर दार आपटणे परवडत नव्हते. १९८२ मध्ये फॉकलंडच्या युद्धात अर्जेंटिना हरला, लष्करी राजवट कोसळली, आणि निवडून आलेल्या आल्फोन्सिन यांच्या सरकारने हा प्रश्न जनतेपुढे सल्लात्मक कौलासाठी ठेवला. ८० टक्क्यांहून अधिक मते तोडग्याच्या बाजूने पडली. २९ नोव्हेंबर १९८४ रोजी करार झाला. बेटे चिलीकडेच राहिली, म्हणजे लवादाने दिले होते तेच. पण समुद्रातील हद्द अशी आखली गेली की अटलांटिकमध्ये चिली शिरकाव करील ही अर्जेंटिनाची खरी भीती गेली. लवादाने बेटांचा निकाल दिला होता, भीतीचा विचार करणे त्याच्या कक्षेत नव्हते. सामोरे १९८३ मध्येच वारले. अँडीजमधील दोन्ही देशांना जोडणाऱ्या एका घाटाला आज त्यांचे नाव आहे.

मध्यस्थ तटस्थच असला पाहिजे, असेही आपण धरून चालतो. १९७८ च्या सप्टेंबरात कॅम्प डेव्हिड येथे इजिप्त आणि इस्रायल यांच्यात मध्यस्थी करणारे अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर तटस्थ होते असे कोणी म्हणणार नाही. अमेरिका इस्रायलची पाठराखी होती आणि म्हणूनच इस्रायलकडून काही सोडवून घेण्याची ताकद तिच्यात होती. इजिप्तचे अध्यक्ष सादात आणि इस्रायलचे पंतप्रधान बेगिन यांचे पहिल्या तीन दिवसांत इतके बिनसले की उरलेल्या दिवसांत त्यांना समोरासमोर फारसे बसवलेच नाही. अमेरिकनांनी एकच मसुदा तयार करून तो एका कुटीतून दुसऱ्या कुटीत नेला, आक्षेप टिपले, दुरुस्त केला, पुन्हा नेला. तेरा दिवसांत अशी २३ प्रारूपे झाली. आणि इस्रायलने सिनाईतले हवाई तळ सोडले तेव्हा त्यांच्या बदल्यात नेगेव वाळवंटात दोन नवे तळ अमेरिकेच्या पैशाने उभे राहिले. पाकिस्तानचे जोडकालवे आणि इस्रायलचे हवाई तळ यांत मला एकच युक्ती दिसते: ज्याच्याकडून काही सुटायला हवे, त्याला त्या जागी दुसरे काही मिळेल अशी तजवीज मध्यस्थ करतो.

ही तजवीज नसली की काय होते, याचे उदाहरण ताश्कंदचे. जानेवारी १९६६ मध्ये सोव्हिएत पंतप्रधान कोसिगिन यांनी शास्त्रीजी आणि अयुब खान यांच्यात खूप धडपड केली. आपले यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री या नात्याने तिथे होते. १० जानेवारीच्या जाहीरनाम्यानुसार दोन्ही सैन्ये ५ ऑगस्ट १९६५ पूर्वीच्या जागी परतली, आणि जिंकलेली हाजी पीर खिंड आपण सोडली. युद्ध मिटले हे खरेच. पण ज्या कारणाने ते पेटले त्याला हात लागला नाही आणि पुढे काम चालू ठेवायला कोणी नव्हते. सहा वर्षांच्या आत पुन्हा युद्ध झाले. त्यात कोसिगिनना दोष देण्यात अर्थ नाही. आठवडाभरात जेवढे होते तेवढे त्यांनी केले.

भारताने स्वतः हे काम केले नाही असे नाही, आणि त्याचा ताळेबंद संमिश्र आहे. कोरियन युद्ध संपताना घरी परतायला नकार देणाऱ्या युद्धकैद्यांचा पेच दोन्ही बाजूंना सुटत नव्हता. त्यातून मार्ग काढणाऱ्या आयोगाचे अध्यक्षपद जनरल थिमय्या यांच्याकडे आले आणि बावीस हजारांहून अधिक कैदी सांभाळणाऱ्या भारतीय दलाचे नेतृत्व कोल्हापूरच्या शंकरराव थोरातांनी केले. दक्षिण कोरियाच्या अध्यक्षांनी भारतीय सैनिकांना आपल्या भूमीवर पाय ठेवू देणार नाही असे म्हटल्यामुळे त्यांना जहाजावरून हेलिकॉप्टरने तळावर उतरवावे लागले होते. कैद्यांच्या छावण्यांत दंगे झाले, दोन्ही बाजूंनी शिव्याशाप मिळाले, आणि फेब्रुवारी १९५४ पर्यंत काम उरकून आपले जवान परतीला लागले. याउलट श्रीलंकेत १९८५ मध्ये भूतानमधील थिंफूला सरकार आणि तमिळ गट यांना समोरासमोर बसवणारा भारत १९८७ च्या करारात स्वतःच हमीदार झाला, ज्या तमिळ वाघांनी शस्त्रे ठेवायची होती त्यांची त्या करारावर सही नव्हती, आणि शांतिसेना लढाईत ओढली गेली. हजाराहून अधिक जवान गमावून १९९० मध्ये आपण परतलो. मध्यस्थ कधी पक्षकार होतो ते त्याचे त्यालाही कळत नाही, आणि म्हणून इलिफ यांच्या सहीबरोबर बँकेची जबाबदारी ठरावीक कलमांपुरतीच राहील, असे लिहून ठेवण्यात दूरदृष्टी होती.

आता पुन्हा सिंधूकडे. कराराच्या रचनेत मतभेदाच्या पायऱ्या आहेत: आधी दोन्ही देशांच्या आयुक्तांचा स्थायी आयोग, तिथे न सुटल्यास तटस्थ तज्ज्ञ, त्याहून मोठा वाद असल्यास लवाद न्यायालय. या पायऱ्या कशा चालल्या हे धरणांवरून कळते. चिनाबवरच्या सलाल प्रकल्पाचा वाद १९७८ मध्ये थेट द्विपक्षीय करारानेच मिटला. त्यात आपण धरणाचे तळाचे दरवाजे कायमचे बंद करायचे मान्य केले, आणि जलाशय गाळाने भरून गेला. चिनाबवरच्याच बगलिहार धरणाच्या वेळी मात्र प्रश्न तटस्थ तज्ज्ञाकडे गेला. स्विस अभियंते रेमंड लाफित यांनी २००७ मध्ये धरणमाथ्याची उंची दीड मीटरने कमी करायला सांगितली, पण गाळ बाहेर काढण्यासाठी दरवाजांचा सांडवा असणे योग्य अभियांत्रिकीला धरून आहे, असे नमूद केले. सलालला दोघांच्याच बोलण्यात आपण जे गमावले, तेच तत्त्व बगलिहारला तिसऱ्याने मान्य केले. २०१३ मध्ये किशनगंगा प्रकरणी लवाद न्यायालयाने पाणी वळवण्याचा भारताचा हक्क उचलून धरला; पुढच्या प्रकल्पांत गाळासाठी जलाशय मृत साठ्याच्या, म्हणजे एरवी वापरात न येणाऱ्या तळच्या पाण्याच्या, पातळीखाली रिकामा करायला मात्र मनाई केली. म्हणजे सगळे आपल्या मनासारखे झाले असेही नाही.

त्यानंतर गाडे रुळावरून घसरले, आणि याचा दोष बऱ्याच अंशी बँकेकडे जातो. किशनगंगा आणि रतले प्रकल्पांच्या रचनेवरून भारताने तटस्थ तज्ज्ञ मागितला आणि पाकिस्तानने लवाद न्यायालय. बँकेने आधी काही वर्षे दोन्ही थांबवले आणि २०२२ मध्ये दोन्ही एकदम नेमले. एकाच प्रश्नावर दोन मंच समांतर चालवणे हे कराराच्या पायऱ्यांशी विसंगत आहे, ही भारताची हरकत मला योग्य वाटते; ते लवाद न्यायालय भारताने मान्यच केलेले नाही. करार बदलण्यासाठी जानेवारी २०२३ मध्ये आपण दिलेली नोटीसही रास्त होती, कारण १९६० मध्ये ना गाळाचे तंत्र आजच्याइतके कळले होते, ना हिमनद्यांची चिंता कोणाच्या मनात होती.

पहलगामच्या हत्याकांडानंतर सरकारने उचललेले पाऊल ज्या संतापातून आले तो माझाही आहे. तरी अभियंता म्हणून दोन गोष्टी सांगणे भाग आहे. एक, पश्चिमेकडच्या नद्यांचे पाणी घोषणेने अडत नाही. त्याला धरण लागते, आणि करारानेच आपल्याला त्या नद्यांवर ३६ लक्ष एकर-फूट साठवण करण्याची जी मुभा दिली होती तिचा आपण पासष्ट वर्षांत फारच थोडा वापर केला. दोन, दोन्ही सरकारांनी नवा करार करून संपवीपर्यंत हा करार चालू राहील असे त्याचे बारावे कलम सांगते. एकतर्फी स्थगितीची सोय त्यात नाही. म्हणजे आज ना उद्या नव्या मजकुरावर बसावेच लागेल, आणि तेव्हा समोर एकटा पाकिस्तान असेल की कोणी तिसराही, हे ठरवण्याचा अधिकार आपला आहे. तो बजावताना सलाल आणि बगलिहार या दोन्हींची टिपणे टेबलावर असावीत.

वृत्तपत्रांकडून माझी अपेक्षा मर्यादित आहे. यापुढे कोणी मध्यस्थीची घोषणा केली की तिचे श्रेय कोणाचे यावर जागा खर्च करण्यापूर्वी बातमीदारांनी विचारावे, की दोन्ही बाजूंनी त्याला लेखी बोलावले आहे का, कागदावर काही आहे का, जो सोडणार आहे त्याच्या भरपाईचा खर्च कोण करणार, आणि सही झाल्यावर मोजमाप कोण ठेवणार. मे महिन्याच्या त्या घोषणेला हे चार प्रश्न लावून पाहिले असते तर आपला पुष्कळ वेळ वाचला असता. आणि दुसरी विनंती अशी, की सिंधू कराराची बारा कलमे आपण मराठीत अनुवाद करून एखाद्या रविवारच्या पुरवणीत छापावीत. परिशिष्टे लांबलचक आणि तांत्रिक आहेत, त्यांना जागा पुरणार नाही. परंतु धरणांच्या रचनेविषयीच्या परिशिष्टांचा गोषवारा आवश्यक वाटल्यास मी करून पाठवीन.

आपला नम्र,
एक निवृत्त पाटबंधारे अभियंता, सांगली